धरणाच्या गाळातली टीम

मी मराठी आणि इतिहास शिकवतो. शाळेच्या कागदांवर मात्र तीन वर्षांपासून मी क्रीडाशिक्षकही आहे. आधीचे क्रीडाशिक्षक बदलून गेले, जागा रिकामी राहिली, आणि एका बैठकीला मी नेमका पाच मिनिटं उशिरा पोचलो. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी एकमताने ते काम माझ्या गळ्यात बांधलं होतं. त्याआधी माझा खेळाशी संबंध एवढाच, की शिट्टी ऐकली की माझं डोकं दुखतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं श्रेय कुणी मला देणार नाही. ते सगळं शिवांजलीचं आहे.

शिवांजली माझी जुनी विद्यार्थिनी. माकणीच्या धरणाच्या काठाला आमचं गाव आहे, तिथल्या बलभीम आणि सत्यभामा या शेतकरी जोडप्याची थोरली मुलगी. सध्या धाराशिवला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते, शनिवारी संध्याकाळी गावी येते आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जाते. ताडमाड उंच. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी तिला व्हरांड्यात पाहिलं आणि खेळता येतं का हेही न विचारता बास्केटबॉलच्या संघात घेतलं. तोवर तिने बास्केटबॉल फक्त मोबाईलवर पाहिला होता.

या मुलीला दोन नाद आहेत. पहिला समुद्राचा.

आमच्याकडून समुद्र म्हणजे दोन-तीन एसट्या बदलून जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. ती पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या मावशीकडे गुहागरला गेली आणि तिथून आली ती वेगळीच होऊन. तेव्हापासून दर सुट्टीत एक किनारा. हर्णै झालं, आंजर्ले झालं, देवबाग झालं. मैत्रीण सोबत असली तर दोघी, नाहीतर एकटीच, पाठीवर पिशवी आणि पिशवीत बॉल. बलभीम बिचारा विचारतो, "तिथं जाऊन करतीस काय?" ती म्हणते, "चालते." यावर बलभीमचं म्हणणं, चालायला इथं रान कमी पडलंय का. गावाचंही साधारण हेच मत आहे. पाणीच बघायचं तर धरण काय वाईट आहे, आणि धरणाचं पाणी निदान पिता तरी येतं.

मी स्वतः दोन वेळा समुद्रावर गेलोय. दोन्ही वेळा शाळेची सहल घेऊन, त्यामुळे मी समुद्र पाहिलाच नाही, पोरं मोजली. म्हणून तिने एकदा तिची वही दाखवली तेव्हा मला नवल वाटलं. वहीत सूर्यास्ताची वर्णनं असतील असं मी धरून चाललो होतो. होतं भलतंच. 'आंजर्ले. ओहोटीनंतरची ओली वाळू. बॉल गुडघ्यापर्यंत उडतो.' 'देवबाग. भुसभुशीत. बॉल पडला की बसला.' असं एकेका किनाऱ्याचं प्रगतिपुस्तकच. मी म्हटलं, "अगं, लाटांबद्दल एक वाक्य तरी लिही." तर म्हणाली, "सर, लाटा माझ्या लक्षात राहतात. बॉलचं विसरायला होतं."

दुसरा नाद म्हणजे आमच्या शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर हिने हट्टाने आमच्या गावात आणलं. कॉलेजने जुने खांब आणि रिंगा दिल्या. ग्रामपंचायतीने शाळेमागे काँक्रीटचा कोबा करून द्यायचं कबूल केलं आणि काम महांतप्पा मिस्त्रीला दिलं. आता महांतप्पाने जन्मभर गच्च्या, न्हाण्या आणि खळी केलेली. त्याच्या हाताखालचा कोबा आणि त्याला ढाळ नाही, हे होणंच शक्य नव्हतं. त्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे चांगला दोन हात ढाळ दिला. शिवांजली शनिवारी गावी आली तोवर काँक्रीट वाळून टणक झालं होतं.

"मिस्त्री, ह्ये मैदान हाय. सपाट पायजे व्हतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"सपाट केलं तर पाणी कुठनं जाईल?" महांतप्पाने विचारलं. "पावसाळ्यात ये, एक थेंब थांबला तर माझं नाव बदल."

त्याच्या शब्दाला तो खरा उतरला. एक थेंब थांबला नाही. बॉलही थांबत नव्हता. हातातून सुटला की गडगडत थेट पश्चिमेच्या भिंतीला. तरीही बारा मुली खेळायला यायला लागल्या, एका बाजूला चढावर आणि दुसऱ्या बाजूला उतारावर पळायला शिकल्या.

गेल्या वर्षी मी फॉर्म भरला आणि चौदा वर्षांखालच्या गटात आमचा संघ धाराशिवला शालेय स्पर्धेला गेला. बत्तीस विरुद्ध शून्य. मला खेळातलं काही कळत नाही, पण शून्य कळतं. परत येताना बसमध्ये बाराच्या बारा मुली डोळे मिटून बसल्या होत्या आणि एकीलाही झोप लागलेली नव्हती. गावात दोन महिने त्यांना 'भोपळा पार्टी' म्हणत होते. पोरं तर म्हणालीच, मोठी माणसंही म्हणाली. बारातल्या सात जणी घरी बसल्या आणि पाच उरल्या. बास्केटबॉलला पाचच लागतात, एवढंच आमचं नशीब.

यंदा जूनमध्ये त्या पाच जणींनी शिवांजलीला स्पष्ट सांगितलं. बोलली मंजुषा, ती त्यांच्यात मोठी, नववीतली. "ताई, चौदाच्या आत आमचं ह्ये शेवटचं वर्ष. येवढ्या बारीला खेळतो. पण परत भोपळा आला तर बंद. मग आमाला बोलवायला यायचं न्हाय."

"न्हाय येणार," शिवांजली म्हणाली. तेव्हा मनात काय होतं ते तिने मला नंतर सांगितलं. तिलाही हे शेवटचं वर्ष. पुढे नोकरी कुठे लागेल काय माहीत. ह्या मुलींनी खेळ सोडला तो आपल्यामुळे, आपण त्यांना नेऊन चारचौघांत शून्यावर उभं केलं, हे ओझं घेऊन तिला गाव सोडायचं नव्हतं. एक बास्केट हवा होता. फक्त एक.

तीन महिने जोरात सराव झाला. स्पर्धेला तीन आठवडे उरले आणि सोयाबीन आलं.

आमच्याकडे सोयाबीन काढलं की ते वाळवायला जिथे सिमेंट दिसेल तिथे पसरतात. रस्ता, देवळाचा ओटा, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, काहीही. त्यात एक पक्का नियम आहे. ज्याने आधी पसरलं, त्याची जागा. चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले की वाळेपर्यंत तिथे सरपंचाचंही चालत नाही. आणि महांतप्पाच्या कृपेने अख्ख्या गावात पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात कोरडी होणारी एकच जागा होती.

त्या रविवारी सकाळी सहाला शिवांजली पाच मुलींना घेऊन मैदानावर गेली, तर या रिंगेपासून त्या रिंगेपर्यंत सोयाबीन. रिंगेमागच्या बोर्डाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून गजराबाई बसलेल्या. या विधवा बाई, दोन एकर रान, घरापुढे अंगण नाही, वर पत्रे. दाणे वाळवायला त्यांना दुसरी जागा नव्हती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शिवांजली आल्या पावली मागे फिरली. मला मात्र राग आला. कागदावर का होईना, क्रीडाशिक्षक मीच होतो.

मी गेलो आणि म्हणालो, "गजराबाई, हे शाळेचं मैदान आहे."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "शाळेचंच हाय. म्या कुठं माझं म्हणलं?"

"मुलींची स्पर्धा आहे. निदान अर्धं मैदान मोकळं करा."

"अर्ध्यात थर जाड व्हतो सर. खालचं वलं राहतं, बुरशी धरती." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "उभंच हाव तर चपला काढा अन् जरा पाय फिरवा त्यात. माझं गुडघं दुखायलेत."

दाणे वरखाली करायला त्यातून पाय ओढत चालतात. मी चपला काढल्या. अर्धा तास पाय फिरवले, घाम पुसला आणि घरी आलो. गजराबाईंचं उचललं की बाजूचे दोघे शेतकरी टपलेलेच होते, म्हणजे तीन आठवडे मैदान गेल्यात जमा. मी बायकोला म्हणालो, यंदाही भोपळा.

संध्याकाळी कळलं, की शिवांजली मुलींना घेऊन धरणावर गेली आहे. काठावर पाणी पाहायला पोरी गेल्यात म्हटल्यावर मी घाईने निघालो. पाणी थोडं उतरलं होतं आणि कडेने ओल्या गाळाची रुंद पट्टी उघडी पडली होती. शिवांजली त्या पट्टीवर दर दहा पावलांनी बॉल आपटून पाहत चालली होती. धप्प. धप्प. बॉल जिथे पडायचा तिथेच बसायचा. ती शेवटपर्यंत गेली आणि हात हलवत परत आली.

"देवबागपेक्षा वाईट," ती म्हणाली.

मग पाण्याकडे तोंड करून बॉलवरचा गाळ धुवायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार. ती वळली ती हसतच. "आजपासनं बॉल खाली टाकायचाच न्हाय," तिने मुलींना सांगितलं. "नुसता पास. हातात आला की दिला. तीन आठवडे बॉलला जमीन दावायची न्हाय."

बास्केटबॉलमध्ये बॉल हातात धरून पळता येत नाही, तो आपटत न्यावा लागतो, त्याला ड्रिबल म्हणतात. एवढं मला तोवर समजलं होतं. मी विचारलं, "ड्रिबलशिवाय कसं होणार?"

"सर, बॉल माणसापेक्षा जोरात पळतो. मग माणसानं त्याला घेऊन कशाला पळायचं?"

गाळाचा एक फायदा पहिल्याच दिवशी दिसला. बॉल हातात घेऊन उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत रुतायचे, त्यामुळे बॉल धरून चोरून पळायची सोयच उरली नाही. काठावरच्या बाभळीला सत्यभामाबाईंची टोपली, बूड काढून, दोरीने बांधली. रिंगेच्या उंचीइतके दहा फूट मोजून द्यायचं काम माझ्याकडे आलं. काटे मलाच टोचले.

शिवांजली सोमवारी कॉलेजला गेली आणि मुली शाळा सुटल्यावर रोज धरणावर जायला लागल्या. पाण्याच्या कडेला मुलींना एकटं सोडता येईना, म्हणून मी खुर्ची आणि तपासायच्या वह्या घेऊन तिथे बसायला लागलो. पास मोजायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पन्नास पास बॉल न पडता झाले की घरी जायचं, असा तिचा हुकूम. पहिल्या दिवशी अकराला पडला. आठवड्याने बत्तीसला. दहाव्या दिवशी पन्नास झाले आणि मी वहीवर एका पोराला वीसपैकी पन्नास गुण दिल्याचं घरी गेल्यावर लक्षात आलं. सांगायला लाज कशाला, मला ती संध्याकाळ आवडायला लागली होती. मंजुषा बघायची डावीकडे आणि बॉल द्यायची उजवीकडे. अयोध्या, त्यांच्यातली सगळ्यात बुटकी, कुणाच्याही काखेतून निघून टोपलीखाली हजर व्हायची. पायांपासून केसांपर्यंत गाळ माखलेल्या त्या पाच जणी घरी निघाल्या की रस्त्यावरची कुत्री भुंकायची.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही धाराशिवला पोचलो तेव्हा शिवांजली मैदानाच्या दारातच उभी होती. तिची मोठी पिशवी पाठीवर होती. संध्याकाळच्या गाडीने ती कोकणात जाणार होती, श्रीवर्धन पाहायचं राहिलं होतं. जिंकलो-हरलो तरी जाणार का, असं मी विचारलं. "हरलो तर जास्तच जावं लागंल," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्याकडचा बॉल घेऊन ती मुलींना आत घेऊन गेली.

समोर एक मोठी इंग्रजी शाळा. एकसारखे बूट, एकसारख्या वेण्या, बदली खेळाडू सात. आमच्याकडे बदली म्हणून फक्त मी होतो.

पहिल्या मिनिटातच गंमत झाली. त्या मुली वाकून, हात पसरून आमच्या ड्रिबलची वाट पाहत उभ्या राहिल्या. ड्रिबल आलाच नाही. बॉल ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून पलीकडे, आणि त्या मुली चक्रावून मध्ये फिरताहेत. प्रेक्षकांत हशा पिकला. पण रिंगेखाली पोचल्यावर आमच्या मुली बॉल टाकायच्या आणि तो कडीला लागून बाहेर यायचा. एकदा, दोनदा, सहादा. मध्यंतराला दहा विरुद्ध शून्य. मंजुषा खाली मान घालून आली आणि पाणी न पिता बसली. मी घड्याळ पाहत राहिलो. शिवांजली नुसती बिस्किटं वाटत राहिली.

बोलली ती अयोध्या, बिस्कीट खात. "ताई, आपली टोपली वाऱ्यानं हलायची. आपण ती जिकडं जाईल तिकडं अंदाजानं टाकतो. ही हालतच न्हाय की. सरळ टाकला तर जाईल."

पाचही जणी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मी मराठीचा शिक्षक आहे, मला चांगलं भाषण ओळखता येतं. त्या दिवशी मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

तिसऱ्या सत्रात मी सवयीने पास मोजत होतो. सात, आठ, नऊ. मंजुषाने डावीकडे पाहिलं, समोरची उंच मुलगी डावीकडे धावली, बॉल उजवीकडे गेला आणि तिथे अयोध्या होती. तिने सरळ टाकला. जाळी हलली. फळ्यावर आमच्या नावापुढचं शून्य पुसून दोन लिहिले गेले आणि मी, वय वर्षं चोपन्न, खुर्चीवर उभा राहून ओरडलो. शिवांजली दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली होती आणि ढसाढसा रडत होती. तिला हवा होता तो एक बास्केट झाला होता.

पण मुली तिच्याकडे पाहायला तयारच नव्हत्या. त्या परत धावत निघाल्या. दहा-चार झाले. बारा-आठ झाले. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा सोळा-पंधरा. बॉल अयोध्याच्या हातात आला आणि अचानक तिच्यासमोर रिंगेपर्यंत सगळं मैदान मोकळं. एकही मुलगी आडवी नाही. ड्रिबल करत पळाली असती तर पोचली असती. ती दोन्ही पाय रोवून उभी राहिली, बॉल छातीशी धरून, पास द्यायला कुणीतरी शोधत. शिट्टी वाजली. आम्ही एका गुणाने हरलो.

बसस्थानकावर शिवांजलीने पेढे आणले. बत्तीस-शून्यपासून सोळा-पंधरापर्यंत आलो होतो, पेढे वाटण्याजोगंच होतं. पण पाच जणी बाकावर ओळीने बसलेल्या, तोंडं फुगलेली. पेढ्याला कुणी हात लावला नाही. शिवांजलीचा चेहरा उतरला. मागच्या वर्षीची बस तिला आठवली असणार. ती हळूच म्हणाली, "अगं, भोपळा तर फुटला ना?"

"भोपळ्याचं काय घिऊन बसलीस ताई," अयोध्या उसळून म्हणाली. "मॅच गेली की आपली. समदं मैदान मोकळं व्हतं अन् मला पळता आलं न्हाय. तीन आठवडे ड्रिबलच करू दिला न्हाईस तू."

"अन् गजराबाईला इचारायला सरांना कशाला जाऊ दिलंस?" मंजुषा म्हणाली. "आमी पाचजणी गेलो असतो, तासाभरात पोत्यात भरून दिलं असतं. शाळेच्या वऱ्हांड्यात पसरलं असतं. जिंकलो असतो आपण."

मग पाचही जणी एकदम बोलायला लागल्या. हिचं हे चुकलं, तिचं ते चुकलं, सगळ्यात जास्त ताईचं चुकलं. शिवांजली पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी होती आणि बोलणी खात होती. इतक्या आनंदाने बोलणी खाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "सर, मागच्या वर्षी एकपण माझ्याशी भांडली न्हवती."

तिची गाडी लागली. मुलींनी तिला चढवून दिलं आणि खिडकीखाली उभ्या राहून शनिवारी किती वाजता यायचं ते दोनदा वदवून घेतलं. गाडी वळून दिसेनाशी झाली. मग मंजुषा माझ्यापाशी आली.

"सर, सतराच्या आतल्या गटाचा फॉर्म कवा भरायचा असतोय?"

"त्याला अजून वर्ष आहे," मी म्हणालो.

"मग आत्ताच लिहून ठेवा. तुमी इसरताव."

मी खिशातली डायरी काढली आणि बाकावर टेकून एकेकीला पूर्ण नाव विचारत पाचही नावं लिहून घेतली.